बुडालगत

आष्ट्याच्या शाळेला गाडी आली,
बसून गवत कापायची, लाल, चार चाकांची,
पुण्याच्या कुठल्याशा क्लबानं वापरून झाल्यावर दिलेली.
हेडसरांनी नारळ फोडला, किल्ली माझ्या हातात ठेवली,
म्हणाले, "आकाराम, तुला कापायची सवय आहे."

सवय होती.
बावीस हंगाम ऊस तोडलाय मी,
कमरेत मोडून, कोयता मातीला टेकवून, एका घावात.
शेजारच्या सरीतनं आई ओरडायची,
"खाली घे, आकाऱ्या, खाली. साखर बुडात असती."
बोटभर खुंट मागं राहिला तरी स्लिपबॉय दम भरायचा,
आणि उंच खुंटाचा खोडवा नीट फुटत नाही
हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तर मी दांडा खाली ओढला. पार खाली. एक नंबरला.
दोन तासांत मैदान
जावळ काढल्यागत झालं.
कुठं पांढरी मुळं, कुठं नुसती काळी माती,
जिथं उंचवटा होता तिथं पात्यानं ओरखडलेलं.
आठवड्यात हरळी पिवळी पडली
आणि तिच्या जागी लव्हाळा,
ताठ, हिरवागार, कुणी न बोलावता.

दस्तगीरभाई मिरजेहून एस.टी.नं आले.
तीस वर्षं मैदानं राखलेला माणूस.
बाकी कशाला हात न लावता आधी टायर दाबून बघितले.
"डाव्या मागच्यात हवा न्हाई.
गाडी लंगडी, तर पातंबी लंगडं.
दांड्यावरचे आकडे कंपनीचे, गवत तुझं.
सपाट फरशी बघ. प्लगची वायर काढ, मगच हात घाल.
पात्याच्या टोकापासनं खाली मोज. पाच सेंटिमीटर.
पुढनं सूतभर कमी चालंल.
आन एका खेपेला तिसऱ्या हिश्श्याच्या वर घेऊ नको."
चहा संपवून, बशी पालथी घालत म्हणाले,
"उसाची साखर बुडात, बाबा. गवताचा जीव पानात."

सिदू पंक्चरवाल्याकडनं हवा भरून आणली.
सायकल स्टँडची फरशी झाडली, पालथा पडलो,
गवत ओकायच्या तोंडाशी पातं फिरवलं
आणि प्रणोतीची लाकडी पट्टी उभी धरली.
पाच. बरोबर पाच.
महिनाभर पाचानंच कापलं.
तरी कुंभोजकर सर रोज म्हणायचे,
"चेंडू सीमेच्या आधीच दम टाकतोय, आकाराम."
पुन्हा मोजलं. पाच.

शाळा सुटल्यावर प्रणोती उकिडवी बसली शेजारी.
"पप्पा, शून्य कुठाय?"
टोकाला, म्हटलं.
"टोकाला न्हाई. टोकानंतर."
खरंच की.
टोक आणि शून्य यांच्या मधे
बिनआकड्याची एक कोरी जागा,
गव्हाच्या दाण्याएवढी.
जन्मभर मी शून्य मातीतच धरलं होतं.

घरी आलो. तुळईला खोचलेला कोयता काढला,
तीन वर्षांचा गंज, मूठ अजून माझ्याच हाताची.
पट्टी उंबऱ्यावर धरली.
आई बाजेवरनं बघत होती, तिला काय कळावं,
पण हात उचललेला बघून सवयीनं म्हणाली,
"खाली घे."
एकच घाव,
शून्याच्या रेघेला लागून, खुंट न ठेवता.

आता दांडा एक खाच खाली आहे.
हरळी अर्धीच सावरलीय, लव्हाळा आहेच.
प्रणोती दोन दिवस बोलली नाही,
मग म्हणाली, नवी पट्टी पाहिजे, प्लॅस्टिकची, आरपार दिसणारी.
बाजारात तीन दुकानं हिंडलो,
प्रत्येक पट्टीचं टोक उजेडाकडं धरून.
सगळ्यांनाच ती जागा होती.
दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, पट्टीच घ्यायचीय न्हवं?"